विलंबमाफीचा अर्ज

मुदत टळून गेल्यावर न्यायालयांत अपील दाखल करावयाचें असेल, तर त्याच्या जोडीला आणखी एक अर्ज द्यावा लागतो. त्याला विलंबमाफीचा अर्ज म्हणतात. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याचें पांचवें कलम हा त्याचा आधार. उशीर कां झाला याचें पुरेसें कारण अर्जदारानें दाखवावयाचें असतें. आणि जुन्या वकिलांची शिकवण अशी कीं, झालेल्या उशिरांतील एकेका दिवसाचा हिशेब देण्याची तयारी ठेवावी. कायद्याचें एवढें ज्ञान मला एका मित्रानें दिलें. मी इंग्रजी वाङ्मय शिकविणारा मास्तर. कलमांशीं माझा संबंध येण्याचें एरवीं कांहीं कारण नव्हतें. तो मित्र २०२४ च्या जानेवारींत वारला, आणि त्याच्यापुढें ठेवावयाचा एक अर्ज माझ्यापाशीं तसाच राहिला. त्या अर्जाला पुरेसें कारण आहे कीं नाहीं हें वाचकांनींच ठरवावें, म्हणून हें लिहावयास घेतलें आहे.

त्याचें नांव मी येथें घेत नाहीं. छापील कागदावर वकिलाचें नांव फक्त 'अर्जदारातर्फे' या शब्दापुढें असावें, असें तो म्हणत असे. आम्ही दोघेहि परभणीचे, एका शाळेचे, कांहीं वर्षें तर एकाच बांकावरचे. नशीब काढावयास बाहेर पडणाऱ्या माणसाला आमच्याकडे गमतीनें सांगतात, 'बनी तो बनी, नहीं तो परभणी.' मी एम. ए. होऊन परत आलों, तो वकिलीची परीक्षा देऊन परत आला, आणि दोघेहि येथलेच झालों. तो मला शेवटपर्यंत 'मास्तर' म्हणे आणि मी त्याला रागावलों म्हणजे 'वकीलसाहेब' म्हणत असें.

त्याच्या घराण्यांत कचेरीचा संबंध जुना. आजोबा निजामाच्या अमदानींत एका मुन्सफाकडे पेशकार होते. तेव्हां कोर्टाची भाषा उर्दू; त्यामुळें नातवाच्या तोंडींहि तारखेला 'पेशी' आणि कागदांच्या गठ्ठ्याला 'मिसल' हे शब्द कायम राहिले. मराठवाड्याच्या माणसाला न्याय नेहमीं आगगाडीनें आणावा लागला, असें तो म्हणे. आजोबांच्या काळीं पक्षकार अपिलासाठीं हैदराबादेस जात. १९५६ त मराठवाडा मुंबई राज्यांत आल्यावर मुंबई गांठावी लागे. १९८१ त औरंगाबादेस, म्हणजे आतांच्या छत्रपती संभाजीनगरास, खंडपीठ बसलें, तेव्हां कोठें पहाटेच्या गाडीनें जाऊन रात्रीं आपल्या अंथरुणावर पाठ टेकण्याची सोय झाली. ही पहाटेची गाडी त्यानें तीस वर्षें धरली.

तो वकील कां झाला याचें कारण त्यानें कधीं सांगितलें नाहीं. परंतु मला तें ठाऊक आहे. त्याचे वडील आमच्याच शाळेंत शिकवीत. आम्ही सारे त्यांना गुरुजी म्हणत असूं. १९७५ च्या जून महिन्यांत आणीबाणी पुकारली गेली आणि कांहीं आठवड्यांनीं गुरुजींना 'मिसा'खालीं धरून नेलें. आम्ही तेव्हां तिसरींत होतों. गुरुजी नाशिकरोडच्या कारागृहांत आहेत, एवढेंच आम्हां मुलांना समजलें. पुढें घरांत बोलणें होऊं लागलें कीं, उच्च न्यायालयें अटकेंतल्यांचे अर्ज ऐकून घेत आहेत, थोड्याच दिवसांत सुटका होईल. ही आशा खोटी नव्हती. आणीबाणी असली तरी अटक कायद्याला धरून आहे कीं नाहीं हें पाहण्याचा आपला अधिकार संपलेला नाहीं, असा निर्वाळा देशांतील नऊ उच्च न्यायालयांनीं दिला होता. सरकार त्यावर सर्वोच्च न्यायालयांत गेलें. २८ एप्रिल १९७६ रोजीं पांच न्यायमूर्तींपैकीं चौघांनीं उलटा निकाल दिला. आणीबाणी चालूं आहे तोंवर अटकेविरुद्ध दाद मागावयास नागरिकाला न्यायालयाचें दार बंद झालें.

या सुनावणींत न्यायमूर्ति हंसराज खन्ना यांनीं सरकारच्या महान्यायवादींना एक प्रश्न विचारला होता: पोलीस अधिकाऱ्यानें खासगी वैरापायीं एखाद्याचा जीवच घेतला, तर काय? न्यायालयाला तेव्हांहि कांहीं करतां येणार नाहीं, अशा अर्थाचें उत्तर त्यांना मिळालें. चौघांच्या बहुमतांत आपल्या महाराष्ट्राचे न्यायमूर्ति यशवंत विष्णु चंद्रचूड होते. खन्नांनीं एकट्यानें वेगळा निकाल लिहिला. आणि पुढल्या जानेवारींत सरन्यायाधीशपदाचा त्यांचा क्रम डावलला गेला, तेव्हां त्यांनीं राजीनामा दिला.

गुरुजी १९७७ त सुटून आले. त्यांनीं कोणाविरुद्ध कडू शब्द काढला नाहीं. मात्र रेडिओवर सर्वोच्च न्यायालयाचें नांव निघालें कीं, ते उठून परसांत जात आणि बातम्या संपेपर्यंत तेथें येरझारा घालीत. मुलगा हें दारांतून पाहत असे.

आम्ही दोघे मिळवते झाल्यावर रविवारच्या संध्याकाळीं परभणी जंक्शनच्या फलाटावर जाऊन बसण्याचा परिपाठ पडला. परळीकडची गाडी निघून गेली म्हणजे फलाट जरा मोकळा होई. तेथील चहाच्या साक्षीनें आम्हीं किती खटले पुन्हां चालविले याची गणती नाहीं. न्यायालयाचा निकाल शिरोधार्य मानावा कीं त्यावर टीका करावी, हा आमचा ठरलेला वाद. मी आधीं शिरोधार्य मानण्याच्या बाजूचा होतों. तो म्हणे, 'निकाल पाळावा आणि तपासावाहि. नुसता पाळला तर न्यायाधीश बिघडतो. नुसता झोडपला तर गांव बिघडतें.'

टिळकांचा १९०८ चा खटला त्याला फार प्रिय. मुंबईच्या उच्च न्यायालयांत नऊ ज्यूरींपैकीं सातांनीं दोषी ठरविल्यावर न्यायमूर्ति दिनशा दावर यांनीं टिळकांना सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा दिली. हेच दावर १८९७ त बॅरिस्टर असतांना टिळकांच्या जामिनासाठीं कोर्टापुढें उभे राहिले होते. मला या योगायोगांत नाट्य दिसे. तो म्हणे, 'यांत नाट्य नाहीं, मास्तर, भीति आहे. एकदां ज्याची बाजू आपण मांडली, त्यालाच उद्यां वर बसून शिक्षा देणें माणसाला जमतें.' या वाक्याकडे मीं तेव्हां द्यावें तितकें लक्ष दिलें नाहीं. १९५६ त मुख्य न्यायाधीश छगला यांच्या हस्ते त्याच न्यायमंदिरांत टिळकांच्या त्या वेळच्या उद्गारांची शिला उघडी करण्यांत आली. न्यायालयानें आपली चूक इतक्या उघडपणें कबूल केल्याचा मला अभिमान वाटे. त्यालाहि वाटे, पण तो हळूच पुस्ती जोडी, 'टिळकांना जाऊन तेव्हां छत्तीस वर्षें झालीं होतीं.'

दुसरा खटला मात्र त्याला बोलतांना जड जाई. तो मथुरेचा. १९७२ च्या मार्च महिन्यांतील एका रात्रीं तेव्हांच्या चंद्रपूर जिल्ह्यांतील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यांत या कोवळ्या वयाच्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची फिर्याद होती, आणि आरोपी तेथलेच दोन पोलीस. सत्र न्यायालयानें १९७४ त त्यांना सोडलें. नागपूरच्या खंडपीठानें १९७६ त शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयानें १९७८ त पुन्हां सोडलें. मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिनें प्रतिकार केल्याच्या खुणा नव्हत्या, म्हणून तिची संमति असली पाहिजे, असा त्या निकालाचा रोख. पुढल्या वर्षीं उपेन्द्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनीं सरन्यायाधीशांना एक उघडें पत्र लिहून विचारलें कीं, ठाण्याच्या बंद दाराआड भ्यालेल्या मुलीच्या गप्प राहण्याला संमति कोण म्हणेल? त्या पत्रानें देशभर स्त्रियांच्या चळवळीला तोंड फुटलें आणि १९८३ त कायदा बदलला. कोठडींतील अत्याचाराला कडक शिक्षा आली, अशा खटल्यांत संमति नव्हती असें पीडितेनें सांगितलें तर तें गृहीत धरण्याचा नियम आला, सुनावणी बंद दालनांत होऊं लागली. मी हें ऐकून विद्यार्थ्यांना सांगत असें कीं, अध्यापकांच्या एका पत्रानेंहि कायदा हालतो. मित्र म्हणे, 'हालतो खरा. पण सुटलेले सुटलेलेच राहिले. नवा कायदा मथुरेसाठीं नव्हता, तिच्यानंतरच्यांसाठीं होता.'

२४ ऑगस्ट २०१७ ची संध्याकाळ मला चांगली आठवते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं त्या दिवशीं खासगीपणाच्या हक्काचा निकाल दिला आणि त्यांतच १९७६ चा तो निकाल चुकीचा ठरवून बाजूस सारला. तसें स्पष्ट शब्दांत लिहिणारे न्यायमूर्ति धनंजय चंद्रचूड, म्हणजे १९७६ च्या चौघांपैकीं एकाचे चिरंजीव. मित्र पाऊस अंगावर घेत माझ्या घरीं आला. मीं त्याचें अभिनंदन केलें, जणू खटला त्यानेंच जिंकला होता. तो बराच वेळ चहाचा पेला हातांत धरून बसला. मग म्हणाला, 'एक्केचाळीस वर्षें. गुरुजी असते तर आज बातम्या शेवटपर्यंत ऐकल्या असत्या.' गुरुजींना जाऊन सहा वर्षें झालीं होतीं.

याच्या पुढच्याच वर्षीं आमचें तुटलें.

जिल्ह्यांतील एका गांवीं एका शाळकरी मुलीवर अत्याचार झाला. तिच्याविषयीं आणि त्या गांवाविषयीं मी याहून एक अक्षर अधिक लिहिणार नाहीं. तो तिचा हक्क आहे. संशयावरून एका मजुराला धरलें. लोक खवळून उठले आणि खवळणें योग्यच होतें. निषेधाची सभा भरली व अध्यक्षपद मला देण्यांत आलें. मीं आवेशानें भाषण केलें, त्यांत मथुरेचा दाखला दिला, टाळ्या पडल्या. शेवटीं एक ठराव पुढें आला कीं, या आरोपीचें वकीलपत्र कोणीहि घेऊं नये. तो मीं वाचून दाखविला. सर्वांचे हात वर झाले. पहिला माझा होता.

आठ दिवसांनीं कळलें कीं, आरोपीपाशीं वकील देण्याइतका पैसा नसल्यामुळें न्यायालयानें विधिसाहाय्याच्या यादींतून माझ्या मित्राची नेमणूक केली आहे आणि त्यानें ती पत्करली आहे. मी तसाच त्याच्या घरीं गेलों. वहिनींनीं पाणी आणून ठेवलें. मीं त्याला हात लावला नाहीं.

'मथुरेचा निकाल मला तूं शिकविलास,' मी म्हणालों, 'आणि आतां तूंच दुसऱ्या बाजूला उभा राहणार?'

'मथुरेच्या निकालांत चूक झाली ती आरोपींना वकील मिळाला म्हणून नव्हे, मास्तर.'

'सभेचा ठराव तुला ठाऊक आहे?'

'ठाऊक आहे. असले ठराव वकिलांच्या संघटनांनीं केले तर ते निरर्थक होत, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१० त सांगितलें आहे. प्राध्यापकांच्या ठरावाविषयीं कांहीं म्हटलेलें नाहीं.' एवढें तो हंसून बोलला. मग हंसूं मावळलें. 'गुरुजींना नेलें तेव्हां आई दोन वकिलांकडे गेली. दोघांनींहि कागद पाहावयाचे नाकारले. तिसऱ्यानें निदान मिसल उघडली. होणार कांहीं नव्हतें. पण त्यानें उघडली.'

'गुरुजींची आणि या माणसाची तूं बरोबरी करतोस?'

तो गप्प राहिला. त्याच्या गप्प राहण्याचा मीं माझ्या सोयीचा अर्थ घेतला. ठाण्यांतील त्या मुलीच्या गप्प राहण्याविषयीं भाषण देऊन मला जेमतेम दहा दिवस झाले होते. मी म्हणालों, 'आज गुरुजी असते तर त्यांना तुझी लाज वाटली असती.'

त्यानें माझ्याकडे पाहिलें नाहीं. तो उठला आणि परसांत गेला.

खटला १९ महिने चालला. ओळखीचा पुरावा टिकला नाहीं आणि आरोपी सुटला. सरकारनें खंडपीठांत अपील केलें. मित्र गेला तेव्हां तें तेथेंच पडून होतें.

आतां उशिराचा हिशेब. २०१८ आणि २०१९ हीं वर्षें रागांत गेलीं. त्यांपुरतें तरी माझ्यापाशीं कारण होतें असें मी समजतों. २०२० त करोनानें सर्वांनाच एकमेकांपासून दूर केलें, आणि खरें सांगावयाचें तर मला तें सोयीचें झालें. २०२१ त तो आजारी असल्याचें समजलें. मीं त्याच्या मुलाला फोन करून विचारपूस केली आणि 'बाबांना सांगूं नकोस' असें वर बजावलें. २०२२ त राग उरला नव्हता. ओशाळेपणा होता, आणि तो रागापेक्षां अधिक चिवट असतो. आज जाऊं, उद्यां जाऊं, दसऱ्याला सोनें देण्याच्या निमित्तानें जाऊं, असें करतां करतां वर्ष गेलें. २०२३ च्या पावसाळ्यांत एका पहाटे मी परीक्षेच्या कामासाठीं निघालों असतां तो फलाटावर आमच्या नेहमींच्या बांकावर बसलेला दिसला. मला पाहतांच त्यानें शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली. म्हणजे त्यानें जागा केली. मीं मान हालविली आणि फलाटाच्या दुसऱ्या टोंकाला जाऊन उभा राहिलों. त्या दिवसाचा हिशेब मला देतां येत नाहीं. संक्रांतीनंतर चौथ्या दिवशीं तो हृदयविकारानें गेला.

त्याच्या अस्थि गंगाखेडला गोदावरींत सोडल्या. जनाबाईचें तें गांव; परभणीहून परळीच्या गाडीनें जातां येतें. नदीला पाणी बेताचें होतें. आम्ही पांचसहाजण घांटाच्या पायऱ्यांवर उभे होतों. त्याच्या हाताखालीं काम शिकणारी एक तरुण वकील मुलगी माझ्यापाशीं आली. ती म्हणाली, 'सर, तुमच्या त्या सभेला मी होतें. मींहि हात वर केला होता. नंतर योगायोगानें यांच्याकडेच शिकावयास आलें.' ती थोडा वेळ थांबली. 'त्या मुलीला त्यांनीं मोजून अकरा प्रश्न विचारले. उजेड किती होता, किती अंतरावरून पाहिलें, अशा जातीचे. तिच्या वागण्याविषयीं, कपड्यांविषयीं, ती ओरडली कां नाहीं याविषयीं एकहि नाहीं. आरोपीच्या नातेवाइकांनीं फार गळ घातली, तेव्हां ते म्हणाले, तें १९७८ त विचारून झालें आहे.'

बंद दालनांतील सुनावणीविषयीं याहून अधिक ती बोलली नाहीं, आणि मींहि विचारलें नाहीं. पीडितेच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवून तिची साक्ष हाणून पाडण्याची मुभा देणारें पोटकलम २००२ च्या दुरुस्तीनें पुराव्याच्या कायद्यांतून काढलें गेलें, हें मला तोपर्यंत माहीत झालें होतें. तरीहि आडवळणानें विचारणारे विचारतातच, असें जाणते वकील सांगतात. माझ्या मित्रानें तें आडवळण घेतलें नाहीं. निकालाच्या दिवशीं कोणीतरी पेढे आणले, ते त्यानें घेतले नाहींत, असेंहि ती मुलगी म्हणाली.

हें सर्व ऐकून मित्र बरोबर होता आणि मी चूक होतों, असा निकाल देऊन मोकळें होणें मला सोपें आहे. तसें मी करणार नाहीं. आरोपी दोषी असेल तर माझ्या मित्राच्या अकरा प्रश्नांनीं तो सुटला; निर्दोष असेल तर खरा गुन्हेगार कोठेंतरी मोकळा आहे. दोन्ही पक्षीं त्या मुलीचा न्याय बाकीच आहे, आणि तिला माझ्या सभेनें जसें कांहीं दिलें नाहीं तसें त्याच्या सचोटीनेंहि दिलें नाहीं. तो हें जाणून होता. न घेतलेल्या पेढ्याचा मी असाच अर्थ करतों. खंडपीठ त्या अपिलाचा कसाहि निकाल देवो, माझ्या मित्राविषयींचा निकाल त्यावर अवलंबून नव्हता, ही साधी गोष्ट समजावयास मला पांच वर्षें आणि एक मरण लागलें.

माझें मत निराळें होतें यांत माझी चूक नव्हती. मीं त्याची बाजू ऐकली नाहीं, ही चूक होती. तीस वर्षें ज्याचे युक्तिवाद चहाबरोबर ऐकले, त्याला स्वतःच्या प्रकरणांत एक पेशी मीं दिली नाहीं. आपण न्यायालयांना नांवें ठेवतों, आणि कित्येकदां तीं ठेवावीं असेच त्यांचे निकाल असतात. पण न्यायालयाला निकालाचीं कारणें लिहावीं लागतात. न पटलेल्या न्यायमूर्तीला आपलें अल्पमत त्याच कागदावर नोंदवितां येतें. सर्वोच्च न्यायालयांतहि पुनर्विचारासाठीं तीस दिवसांची मुदत असते, आणि तोहि फेटाळला गेला तर २००२ पासून शेवटची म्हणून आणखी एक याचिका करण्याची वाट मोकळी झाली आहे. इतकें करूनहि १९७६ ची चूक निस्तरावयास एक्केचाळीस वर्षें लागलीं. मग दाराशीं उभ्या उभ्या, एका वाक्यांत, कारणें न देतां आपण आपल्या माणसांविषयीं जे निकाल देतों त्यांची काय कथा!

शिवाय दुरुस्ती झाली तरी ती ज्याची त्याला पोंचत नाहीं. टिळकांची शिला टिळकांनीं पाहिली नाहीं. २०१७ चा निकाल गुरुजींनीं ऐकला नाहीं. १९८३ च्या कायद्यानें मथुरेच्या पदरांत कांहीं पडलें नाहीं. न्यायालयाच्या बाबतींत याला निदान एक उत्तर आहे: उशिरां दुरुस्त झालेला निकाल मागून येणाऱ्यांच्या उपयोगीं पडतो. दोन मित्रांतील निकालाला मागून येणारें कोणी नसतें. तेथें ज्याच्यापुढें अर्ज करावयाचा तोच पक्षकार आणि तोच न्यायाधीश. तो उठून गेला कीं दालन कायमचें बंद.

मागच्या वर्षीं दुसऱ्या एका प्रकरणांत पुन्हां तशीच सभा भरली आणि वयोमानानें अध्यक्षपद पुन्हां माझ्याकडे आलें. मी मुलीच्या बाजूनें बोललों. तें बोलणें मला आजहि कर्तव्य वाटतें. तपास लौकर व्हावा, तिच्या घरच्यांना संरक्षण मिळावें, खटल्याची सुनावणी लांबूं नये, हे ठराव मीं मांडले. वकीलपत्राचा ठराव आला तेव्हां मीं हात खालीं ठेवला आणि माझा विरोध नोंदवून घेण्यास चिटणिसांना सांगितलें. सभेंत कुजबुज झाली. एका विद्यार्थ्यानें बाहेर मला विचारलें, 'सर, तुमच्यासारख्यानें असें कां करावें?' मीं त्याला गुरुजींच्या मिसलीची गोष्ट सांगितली. त्याला ती पटली नाहीं. तो अजून येऊन वाद घालतो, आणि मी ऐकून घेतों.

मित्राच्या पश्चात् वहिनींनीं त्याची पुराव्याच्या कायद्याची जुनी प्रत मला दिली. १ जुलै २०२४ पासून १८७२ चा तो कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. मित्राला तोंडपाठ असलेले कलमांचे आंकडे त्याच्यामागून सहा महिन्यांतच बदलले, आणि ती वकील मुलगी आतां नवे आंकडे पाठ करीत पहाटेची गाडी धरते. जुनी प्रत माझ्या टेबलावर असते. प्रत्येक पानाच्या समासांत त्याचें बारीक अक्षर आहे. कांहीं ठिकाणीं 'मास्तरांस विचारणें' असें लिहिलें आहे. काय विचारावयाचें होतें तें लिहिलेलें नाहीं.

माझ्या अर्जाला पुरेसें कारण नाहीं, हें मला दिसतें. तरी तो मी दाखल करून ठेवीत आहें. हें वाचणाऱ्यांपैकीं कोणाची मुदत अजून टळली नसेल, तर त्यानें आजच उठावें.